‘आय. ई.’ की ‘ई. जी.’? पहिला शोधनिबंध लिहिणाऱ्यांसाठी लॅटिन संक्षेपांची वाट

माझा पहिला शोधनिबंध परत आला तो दोन अक्षरांमुळे. सह्याद्रीतल्या जांभ्याच्या सड्यांवरच्या, म्हणजेच खडकाळ पठारांवरच्या, वनस्पतींवर आमचं काम होतं आणि दोन पावसाळे आम्ही पाच सडे पालथे घातले होते. कार्यपद्धतीच्या भागात मी इंग्रजीत लिहिलं, की नमुने जांभ्याच्या सड्यांवरून गोळा केले, ‘आय. ई. कास आणि चाळकेवाडी’. मला म्हणायचं होतं, कास आणि चाळकेवाडीसारखे सडे. रिव्ह्यूअरने वाचलं, सडे दोनच. पुढच्या तक्त्यात मात्र पाच ठिकाणांचे आकडे होते. उरलेल्या तीन ठिकाणांचे नमुने कुठून आले, असं त्याने विचारलं आणि ते विचारणं अगदी रास्त होतं. खुलासा, दुरुस्ती आणि पुन्हा परीक्षण यात एक अख्खा हंगाम गेला.

माझं बारावीपर्यंतचं शिक्षण मराठी माध्यमात झालं. कॉलेजात आल्यावर प्रत्येक पुस्तकात, प्रत्येक शोधनिबंधात ही अक्षरं दिसायची. वापरत सगळेच होते, शिकवलं मात्र कोणी नाही, आणि ‘एवढंही माहीत नाही का?’ या भीतीने मीही कधी विचारलं नाही. तुमचा तो वेळ वाचावा म्हणून हे सगळं एका जागी लिहीत आहे.

यात घाबरण्यासारखं काहीच नाही. आजोबांच्या पत्राची सुरुवात ‘सा. न. वि. वि.’ने व्हायची आणि शेवटी ‘ता. क.’ असायचा. लग्नपत्रिकेवर आजही ‘चि. सौ. कां.’ असतं. नेहमी लागणारे शब्द पुन्हा पुन्हा पूर्ण लिहायचे नाहीत, एवढाच त्यामागचा व्यवहार. युरोपात कित्येक शतकं विद्यापीठांची भाषा लॅटिन होती, म्हणून तिथले संक्षेप लॅटिन राहिले. ‘चि.’ कोणाला आणि ‘कै.’ कोणाला हे आपण घरात ऐकून शिकतो. लॅटिनचं मात्र कोणीतरी बसून सांगावं लागतं.

हाताशी काय असू द्यावं

- ज्या जर्नलला निबंध पाठवायचा आहे त्याच्या लेखकांसाठीच्या सूचना. प्रबंध असेल तर विद्यापीठाची पीएच.डी. नियमावली
- त्याच जर्नलमधले अलीकडचे दोन-तीन निबंध, शक्यतो तुमच्याच विषयातले
- झोटेरो किंवा मेंडेली यांपैकी एक संदर्भ-व्यवस्थापक, म्हणजेच संदर्भ साठवून त्यांची सूची आपोआप करणारं सॉफ्टवेअर
- एक कोरा कागद. त्यावर तुम्हाला खरोखर लागणारे संक्षेप आणि त्यांचे मराठी अर्थ स्वतःच्या हाताने लिहा. माझ्या कागदावर आठच आहेत आणि तो टेबलासमोर भिंतीला चिकटवलेला आहे.

१. आधी कोणत्या शैलीत लिहायचं ते ठरवा

शैली म्हणजे संदर्भ आणि संक्षेप कसे लिहायचे याची ठरावीक नियमावली. ‘बरोबर काय?’ या प्रश्नाला शैलीगणिक वेगळं उत्तर आहे. मानसशास्त्र, शिक्षणशास्त्र आणि बऱ्याच समाजशास्त्रांत एपीए चालते, साहित्यात एमएलए, इतिहासात शिकागो, वैद्यकात व्हँकुव्हर, ब्रिटिश धाटणीच्या कायद्याच्या लेखनात ऑस्कोला. एपीए सांगते की लॅटिन संक्षेप कंसातल्या मजकुरातच वापरा. वाक्याच्या ओघात ‘फॉर एक्झाम्पल’, ‘दॅट इज’ असं पूर्ण लिहा. ‘एट अल.’ला मात्र ही अट नाही. ऑस्कोलात ‘ईजी’, ‘आयई’ यांतली टिंबंसुद्धा गाळतात.

म्हणून मित्राच्या प्रबंधातून नियम उचलू नका. त्याचा विभाग वेगळा असेल, त्याच्या गाइडची आवड वेगळी असेल. जर्नलच्या सूचना वाचा, त्यात उत्तर नसेल तर छापलेला निबंध बघा.

२. ‘आय. ई.’ आणि ‘ई. जी.’ : एवढं एक पक्कं करा

‘आय. ई.’ म्हणजे ‘इड एस्ट’, मराठीत ‘म्हणजेच’. ‘ई. जी.’ म्हणजे ‘एक्झेम्प्ली ग्राशिया’, मराठीत ‘उदाहरणार्थ’. अर्थ एका ओळीत संपतो, तरी सर्वांत जास्त चुका इथेच होतात. मराठी माणसाच्या बाबतीत त्याचं कारण मला आपल्या बोलण्यात सापडलं.

आपण सहज म्हणतो, ‘येताना पालेभाजी आण, म्हणजे मेथी, पालक.’ आणणारा शेपू घेऊन आला तरी कोणी रागावत नाही, कारण इथलं ‘म्हणजे’ उदाहरण देतं. आणि ‘आमचे थोरले काका, म्हणजे वडिलांचे सख्खे भाऊ’ यात तेच ‘म्हणजे’ नेमका खुलासा करतं. बोलताना एकच शब्द दोन्ही कामं करतो आणि आपलं काही अडत नाही. इंग्रजीत लिहिताना मात्र त्याच ‘म्हणजे’च्या जागी हात आपोआप ‘आय. ई.’ टाकतो. माझं अगदी हेच झालं होतं.

यावरचा उपाय असा. संक्षेप लिहायच्या आधी वाक्य मनात मराठीत म्हणा आणि ‘म्हणजे’ काढून त्या जागी एकदा ‘म्हणजेच फक्त’ आणि एकदा ‘उदाहरणार्थ’ घालून बघा. ‘म्हणजेच फक्त’ घालून वाक्य खरं राहिलं तर ‘आय. ई.’. खोटं झालं तर ‘ई. जी.’. ‘सडे, म्हणजेच फक्त कास आणि चाळकेवाडी’ हे माझ्या बाबतीत खोटं होतं. हा प्रश्न मी तेव्हा स्वतःला विचारला असता, तर पुढचं काही घडलं नसतं.

अमेरिकी पद्धतीत या दोन्हींनंतर स्वल्पविराम येतो, ब्रिटिश पद्धतीत सहसा येत नाही. कोणतीही एक धरा, पण पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत तीच ठेवा.

३. ‘एट अल.’ : सहलेखकांचं सामूहिक नाव

‘एट’ म्हणजे ‘आणि’. हा पूर्ण शब्द आहे, म्हणून त्यापुढे टिंब नाही. ‘अल.’ हे ‘अलिई’ या शब्दाचं आखूड रूप, अर्थ ‘इतर जण’, म्हणून त्यापुढे टिंब हवंच. ‘एट’नंतर टिंब दिलेलं मी छापील प्रबंधांतही इतक्यांदा पाहिलं आहे की नवख्याला तेच बरोबर वाटावं. लॅटिनमध्ये पुल्लिंगी, स्त्रीलिंगी आणि नपुंसकलिंगी अशी तीन रूपं आहेत, आणि लिंगाची कटकट नको म्हणूनही ‘अल.’ सोयीचं पडतं.

कधी वापरायचं? एपीएच्या सातव्या आवृत्तीपासून तीन किंवा अधिक लेखक असतील, तर पहिल्याच उल्लेखापासून पहिल्या लेखकाचं आडनाव आणि ‘एट अल.’. सहाव्या आवृत्तीत तीन ते पाच लेखक असल्यास पहिल्या वेळी सगळी नावं लिहावी लागत. तुमच्या गाइडनी स्वतःचा प्रबंध त्या काळात लिहिला असेल, तर ते जुना नियम सांगतील. वाद घालू नका, सातव्या आवृत्तीचं पान दाखवा. एमएलएतही तीनपासूनच ‘एट अल.’ येतं. व्हँकुव्हर पद्धतीत संदर्भसूचीत सहसा पहिली सहा नावं देऊन मग ‘एट अल.’ लिहितात.

यातले सापळे सांगते.

एक, ‘इतर जण’ अनेकवचनी आहे. इंग्रजीत पुढचं क्रियापदही अनेकवचनी येतं: ‘हॅव शोन’, ‘हॅज शोन’ नव्हे. पहिल्या लेखकाचं एकच नाव डोळ्यांपुढे असतं, म्हणून चूक होते.

दोन, एकाच लेखकाचे एकाच वर्षातले दोन निबंध असतील आणि सहलेखक वेगळे असतील, तर ‘एट अल.’ने दोन्ही सारखेच दिसतात. एपीएत अशा वेळी फरक कळेल इतकी आडनावं लिहायची आणि मग ‘एट अल.’. आणि शेवटी एकच नाव उरत असेल, तर ‘एट अल.’ चालत नाही, कारण एक माणूस म्हणजे ‘इतर जण’ नव्हेत. ते नाव लिहूनच टाकायचं.

तीन, हे मी फार कळकळीने सांगते: नोकरीच्या अर्जातल्या प्रकाशनांच्या यादीत ‘एट अल.’ वापरू नका. निवड समितीला तुमचं नाव कितव्या क्रमांकावर आहे ते बघायचं असतं. तुम्ही तिसऱ्या लेखक असाल आणि यादीत फक्त पहिलं नाव व ‘एट अल.’ असेल, तर तुमचं काम तुमच्याच कागदावरून पुसलं जातं. सगळी नावं लिहा, आपलं ठळक करा.

झोटेरोत शैली निवडली की हे सगळं तो आपोआप करतो. मात्र संदर्भ भरताना लेखकाच्या रकान्यात स्वतः ‘एट अल.’ टाइप करू नका. त्याला ते आडनाव वाटतं आणि संदर्भसूचीत ‘अल’ नावाचा एक लेखक उगवतो.

४. ‘एट सेटरा’

अर्थ ‘आणि बाकीच्या गोष्टी’. ‘आणि’ त्यातच आहे, त्यामुळे आधी पुन्हा ‘अँड’ नको. माणसांसाठी हा वापरत नाहीत, तिथे ‘एट अल.’. उच्चार ‘एट सेटरा’ असा. ‘एक्सेट्रा’ म्हणण्याची सवय आपल्याकडे प्राध्यापकांनाही असते, ती वेळीच मोडा.

मोठा सापळा मराठीतून येतो. ‘उदा. कास, चाळकेवाडी इ.’ असं आपण बिनदिक्कत लिहितो आणि मराठीत ते खपतं. इंग्रजीत ‘ई. जी.’ने सुरू केलेल्या यादीच्या शेवटी ‘एट सेटरा’ लावला, तर संपादक खूण करतो, कारण यादी अपुरी आहे हे ‘ई. जी.’ने आधीच सांगितलेलं असतं. ‘आय. ई.’नंतर तर तो अर्थाच्याच विरुद्ध जातो. आणि कार्यपद्धतीच्या भागात ‘एट सेटरा’ नकोच. ‘तापमान, आर्द्रता इत्यादी मोजलं’ असं लिहिलं, तर प्रयोग पुन्हा करू पाहणाऱ्याने त्या ‘इत्यादी’त काय मोजायचं?

वाक्याच्या शेवटी आल्यास एकच टिंब द्यायचं, दोन नाही.

५. ‘विझ.’ आणि ‘सी. एफ.’

‘विझ.’ हा ‘विडेलिसेट’चा संक्षेप. त्यातला ‘झेड’ मुळात अक्षर नव्हताच. मध्ययुगीन लेखनिक शब्दाच्या शेवटच्या भागासाठी एक वळणदार खूण काढत, ती छापताना ‘झेड’सारखी दिसली आणि तशीच राहिली. मोडी वाचायला शिकलेल्यांना अशा खुणांची गंमत वेगळी सांगायला नको. अर्थ ‘नामे’, ‘पुढीलप्रमाणे’. सरकारी परिपत्रकांच्या इंग्रजीत तो अजून ठिकठिकाणी भेटतो. ‘विझ.’नंतर यादी पूर्ण द्यावी लागते. ‘पाच सडे, विझ. कास, चाळकेवाडी, पाचगणी, मसाई आणि आंबोली’ असं मी लिहिलं असतं, तर तेही बरोबर ठरलं असतं. हल्ली मी साधं ‘नेमली’ लिहिते, वाचणाऱ्याला सोपं जातं.

‘सी. एफ.’ (cf.) म्हणजे ‘कॉन्फर’, ‘तुलना करा’. अक्षरं दोन असली तरी शब्द एकच, म्हणून टिंबही एकच, शेवटी. बरेच जण तो ‘पाहा’ या अर्थाने वापरतात. तसं करू नका. आपल्यापेक्षा वेगळं म्हणणाऱ्या संशोधकाकडे बोट दाखवायचं असेल तेव्हा ‘सी. एफ.’, आणि पुष्टी देणाऱ्याकडे दाखवायचं असेल तेव्हा साधं ‘सी’, म्हणजे पाहा. तुमच्या मताला पाठिंबा देणाऱ्या निबंधापुढे ‘सी. एफ.’ लावलात, तर जाणता वाचक तो विरोधक समजून उघडतो आणि गोंधळतो.

६. ‘इबिड.’ आणि तळटीपांचं दुखणं

‘इबिडेम’ म्हणजे ‘त्याच ठिकाणी’. मराठी प्रबंधांत आपण ‘तत्रैव’ लिहितो तो हाच. तत्र अधिक एव, त्या जागीच. दोन्ही भाषांनी एकाच गरजेला एकच शब्द घडवला, याचं मला अजून कौतुक वाटतं.

लगतच्या आधीच्या तळटीपेतला ग्रंथ पुन्हा आला की ‘इबिड.’. मधल्या टीपेत दुसरा ग्रंथ येऊन गेला असेल तर ‘ऑप. सिट.’, म्हणजे ‘उल्लेखिलेल्या ग्रंथात’, ही जुनी पद्धत. तिचा त्रास वाचकाला होतो. एकशे बाराव्या टीपेत ‘ऑप. सिट.’ दिसला की मूळ उल्लेख शोधत मागे पन्नास पानं चाळावी लागतात. ऑस्कोलाच्या चौथ्या आवृत्तीने ‘ऑप. सिट.’ नाकारला, ‘इबिड’ ठेवला. एपीएत ‘इबिड.’ला जागाच नाही. शिकागोच्या २०१७ सालच्या सतराव्या आवृत्तीपासून त्याऐवजी लेखकाचं आडनाव आणि ग्रंथाचं आखूड शीर्षक देण्याकडे कल आहे.

खरा धोका लिहिताना येतो. तुम्ही विसावी टीप लिहिली, एकविसावी ‘इबिड.’. महिन्याभराने गाइडनी सांगितलं, इथे आणखी एक संदर्भ घाला. तुम्ही मध्ये नवी टीप घातली. आता ‘इबिड.’ नव्या ग्रंथाकडे बोट दाखवतो, पान क्रमांक जुन्या ग्रंथाचा, आणि हे कोणाच्या लक्षात येत नाही. इतिहास विभागातल्या माझ्या मैत्रिणीच्या प्रबंधात असे एकोणीस चुकीचे ‘इबिड.’ छपाईच्या आदल्या रात्री सापडले. आम्ही दोघी पहाटेपर्यंत ग्रंथ उघडून एकेक पान ताडून बघत होतो.

म्हणून कच्च्या मसुद्यात हाताने ‘इबिड.’ कधीही लिहू नका. प्रत्येक टीपेत आडनाव, आखूड शीर्षक, पान. विद्यापीठाला ‘इबिड.’ हवाच असेल, तर सगळी फिरवाफिरव संपल्यावर, अगदी शेवटी घाला किंवा झोटेरोला घालू द्या.

७. ‘सिक’

हा संक्षेप नाही, पूर्ण शब्द आहे: ‘असंच’. टिंब नको. अवतरणात मूळ लेखकाची चूक जशीच्या तशी ठेवली आहे, हे सांगायला चौकोनी कंसात लिहितात. जपून वापरा. जुन्या गॅझेटिअरमध्ये ‘पूना’ असेल तर तिथे ‘सिक’ लावायचं कारण नाही, ते त्या काळचं प्रचलित रूप होतं. आणि मुलाखत दिलेल्या एखाद्या शेतकऱ्याच्या बोलीला ‘सिक’ लावणं म्हणजे त्याच्या भाषेला चूक ठरवणं. ते करू नका.

८. तुमच्या विषयातले खास संक्षेप

वनस्पतिशास्त्रातलं मला चांगलं माहीत आहे. कंदीलपुष्पाचा, म्हणजेच सेरोपेजियाचा, एक नमुना मिळाला आणि जात ओळखता आली नाही, तर प्रजातीच्या (जीनसच्या) नावापुढे ‘एस. पी.’ (sp.). एकापेक्षा जास्त जाती असतील तर ‘एस. पी. पी.’ (spp.). लॅटिन संक्षेपात अनेकवचनासाठी अक्षर दुप्पट करतात. ‘पृष्ठे’साठी दोन ‘पी’ येतात ते म्हणूनच, आणि ‘एल. एल. बी.’त दोन ‘एल’ येतात तेही म्हणूनच: ‘लेगुम’, अनेक कायद्यांचा पदवीधर. प्रजातीचं नाव तिरप्या अक्षरात, ‘एस. पी.’ मात्र सरळ.

इथे ‘सी. एफ.’चा अर्थही थोडा वेगळा होतो. प्रजाती आणि जात यांच्या मधे तो आला, तर ओळख खात्रीची नाही, नमुना त्या जातीशी ताडून पाहावा, असा त्याचा निरोप. हर्बेरियमच्या, म्हणजेच वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहातल्या, चिठ्ठीवर प्रामाणिकपणे ‘सी. एफ.’ लिहिणारा विद्यार्थी, खोट्या खात्रीने जात लिहिणाऱ्यापेक्षा कितीतरी चांगला.

आमच्या विषयात लॅटिन नुसतं संक्षेपापुरतं नव्हतं. सपुष्प वनस्पतीची नवी जात जाहीर करायची, तर १ जानेवारी १९३५ पासून तिचं वर्णन लॅटिनमध्ये देणं सक्तीचं होतं. १ जानेवारी २०१२ पासून लॅटिन किंवा इंग्रजी, दोन्ही चालतात.

कायद्यात खटल्याच्या नावात ‘व्हर्सस’साठी एकटा ‘व्ही’ वापरतात. वैद्यकात डॉक्टरच्या चिठ्ठीवरचं ‘एसओएस’ म्हणजे ‘सी ओपुस सिट’, गरज पडल्यास. जहाजाच्या धोक्याच्या संदेशाशी त्याचा संबंध नाही.

९. टिंब, तिरकेपणा आणि संगणक

एपीए आणि शिकागोत हे संक्षेप तिरपे करत नाहीत. जीवशास्त्रातली काही जर्नल्स ‘एट अल.’ तिरपं मागतात. सूचना बघा.

वर्ड टिंबाला वाक्याचा शेवट समजून पुढचा शब्द मोठ्या अक्षराने सुरू करू शकतो. फाइल, ऑप्शन्स, प्रूफिंग, ऑटोकरेक्ट ऑप्शन्स, एक्सेप्शन्स इथे जाऊन तुमचे संक्षेप टाकून ठेवा. ‘एट’ एका ओळीत आणि ‘अल.’ दुसरीत जाऊ नये म्हणून मधे कंट्रोल, शिफ्ट आणि स्पेस एकत्र दाबा. लाटेक (आज्ञा टाइप करून मजकूर मांडण्याची प्रणाली) वापरणाऱ्यांनी ‘अल.’च्या टिंबानंतर बॅकस्लॅश आणि मोकळी जागा द्यावी, नाहीतर तिथे वाक्य संपल्यासारखी जास्त जागा सुटते.

१०. बोलताना, ईमेल लिहिताना, मराठीत लिहिताना

सेमिनारमध्ये अक्षरं वाचू नका. ‘आय. ई.’ दिसलं तरी ‘दॅट इज’ म्हणा, ‘ई. जी.’ला ‘फॉर एक्झाम्पल’, ‘सी. एफ.’ला ‘कम्पेअर’. ‘एट अल.’ तसंच म्हटलं तरी चालतं, ‘अँड कलीग्ज’ म्हटलं तर ऐकायला बरं. आपण ‘व्हायव्हा’ म्हणतो तेही लॅटिनच आहे, ‘व्हिव्हा व्होके’, जिवंत आवाजाने. तिथे कोणी एखाद्या संक्षेपाचा अर्थ विचारला आणि आठवला नाही, तर तसं सरळ सांगा. माझ्या व्हायव्हात बाहेरून आलेल्या परीक्षकांनी ‘एस. पी. पी.’ का लिहिलं, एवढंच विचारलं होतं.

ईमेलमध्ये शक्यतो पूर्ण शब्द. ब्रिटिश सरकारच्या संकेतस्थळाने २०१६ मध्ये हे संक्षेप सोडायचं ठरवलं. त्याचं एक कारण असं, की अंध वाचकांसाठी मजकूर वाचणारी सॉफ्टवेअरं ‘ई. जी.’ला कधीकधी ‘एग’, म्हणजे अंडं, असं वाचतात.

मराठीत प्रबंध लिहीत असाल तर यातलं काहीच देवनागरीत ओढून आणू नका. आपल्याकडे ‘उदा.’, ‘म्हणजेच’, ‘आणि इतर’, ‘इ.’, ‘तत्रैव’, ‘पृ.’, ‘सं.’, ‘सु.’ हे सगळं आहे. फक्त ‘म्हणजे’ लिहिताना तो उदाहरणाचा की खुलाशाचा, हे मराठीतही एकदा तपासा.

११. पाठवण्याआधी अर्धा तास

कंट्रोल-एफ दाबून एकेक संक्षेप शोधा. प्रत्येक ‘आय. ई.’पाशी थांबा आणि ‘म्हणजेच फक्त’ म्हणून बघा. ‘एट’नंतर टिंब घुसलंय का? ‘ई. जी.’च्या यादीला ‘एट सेटरा’ची शेपटी आहे का? ‘इबिड.’ असेल तर वरची टीप वाचा, मग ग्रंथ उघडून पान ताडा. हे काम स्क्रीनवर न करता छापील प्रतीवर करा, आणि जमलं तर तुमच्या विषयाबाहेरच्या कोणाला तरी शेजारी बसवून त्याला वाक्यं मोठ्याने वाचायला सांगा. तो जिथे अडखळेल तिथे पूर्ण शब्द लिहा.